धूर कुठून गेला? केंटमधल्या एका शेतघराची सहाशे वर्षं

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या जुन्या वास्तू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, राजवाडे, फार तर उमरावांच्या हवेल्या येतात. आज मी त्यांतलं काहीच दाखवणार नाही. आजचा विषय आहे एका शेतकऱ्याचं घर. त्याचं नाव बे-लीफ. केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाच्या हद्दीत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं गेलं आणि १९६८ पर्यंत त्याच जागी होतं. तिथल्या खोऱ्यात बाऊ बीच नावाचा जलाशय व्हायचा होता, म्हणून ते उतरवावं लागलं.

धरणाच्या पाण्यात गावं जाणं महाराष्ट्राला नवं नाही. कोयना, उजनी ही नावं घेतली की पुढचं सांगावं लागत नाही. बे-लीफचं नशीब जरा वेगळं निघालं. पाणीपुरवठा कंपनीने ते घर एका नव्या संग्रहालयाला देऊन टाकलं. रॉय आर्मस्ट्राँग या इतिहासाच्या अभ्यासकाने क्रॉलीचं नवं शहर वसताना आजूबाजूची मध्ययुगीन लाकडी घरं पाडली जाताना पाहिली होती. ज्या घरांना जागेवर वाचवणं शक्यच नाही, त्यांना निदान दुसरीकडे उभं करावं, या विचारातून चिचेस्टरजवळच्या सिंगलटनला ‘वील्ड अँड डाउनलँड’ हे खुलं संग्रहालय सुरू झालं. १९७० साली ते लोकांसाठी उघडलं. बे-लीफचे खांब, तुळया, वासे सुटे करून, खुणा घालून तिथं नेले आणि १९७२ मध्ये घर पुन्हा उभं राहिलं. पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा मांडले, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. काम त्याच जातीचं. फक्त इथं मूळ मालमत्ता पेशव्यांची नव्हती, खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाची होती. माझ्या मते म्हणूनच ती जास्त मोलाची आहे. राजांची घरं जपणारे पुष्कळ असतात.

आधी घर पाहू. पडद्यावर समोरची बाजू आहे. मध्यभागी एक भाग थोडा आत गेलेला दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वरचे मजले पुढे झुकलेले आहेत. या पुढे काढलेल्या मजल्याला तिकडे जेटी म्हणतात. छप्पर मात्र सलग एकच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यामुळे मधल्या भागासमोर छपराची कड भिंतीपासून सुटून पुढे येते आणि तिला दोन बाकदार लाकडी तिरकस आधार खालून उचलून धरतात. या घाटाच्या घराला वील्डन घर म्हणतात. केंट आणि ससेक्सच्या मधल्या चिकणमातीच्या, ओकच्या रानांच्या प्रदेशाचं नाव वील्ड, त्यावरून. अशी घरं तिथं आजही शेकड्यांनी उभी आहेत आणि बहुतेकांत माणसं राहतात.

एका कुळाला एवढं घर कसं परवडलं, हा प्रश्न इथंच विचारायला हवा. त्याचं उत्तर बरंचसं १३४८-४९ च्या प्लेगमध्ये आहे. त्या साथीत इंग्लंडमधली एक तृतीयांश ते निम्मी माणसं मेली. जमीन तेवढीच राहिली, कसणारे हात घटले. मजुरीचे दर चढले. ते दाबायला १३५१ मध्ये कायदा करावा लागला, तरी ते चढतच गेले. जमीनदारांना कुळं मिळेनाशी झाली, तेव्हा चांगल्या कुळाला चांगल्या अटी द्याव्या लागल्या. दोन पिढ्यांनंतर त्या कुळांच्या नातवंडांच्या हातात पैसा खेळू लागला, तोही वील्डसारख्या लाकूड, गुरं आणि लोखंडाच्या मुलखात. मग त्यांनी वरच्या थरातल्या लोकांच्या घरांसारखी, पण आपल्या मापाची घरं बांधली. या घरांच्या पाठीमागे एवढं मोठं मरण आहे, हे मला त्यांच्याकडे पाहताना विसरता येत नाही.

बे-लीफचं वय कसं कळलं? लाकडाच्या कड्यांवरून. ओकच्या झाडात दर वर्षी एक कडं वाढतं. ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. हा रुंद-अरुंद क्रम एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांत साधारण सारखा असतो, म्हणून जुन्या तुळईतला क्रम ज्ञात क्रमाशी जुळवता येतो. तुळईवर सालीपर्यंतचं शेवटचं कडं शिल्लक असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं तेही सांगता येतं. पण सुतार बाहेरचं फिकं, मऊ लाकूड पुष्कळदा तासून टाकत आणि उरलं तर ते किडे खात. दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये या बाहेरच्या लाकडाची कडी बहुधा ९ ते ४१ असतात, म्हणून अशा वेळी एका सालाऐवजी काळाचा पट्टा मिळतो. बे-लीफचा मधला भाग आणि एका टोकाची बाजू १४०५ ते १४३० च्या दरम्यानची निघाली. दुसऱ्या टोकाची बाजू जवळजवळ शंभर वर्षांनंतरची, १५०५ ते १५१० ची. म्हणजे घर एका दमात झालेलं नाही. पैसा आला तसं ते वाढलं.

आता आत चला. दार उघडलं की आपण एका आडव्या बोळात येतो. समोर बरोबर दुसरं दार, परसात उघडणारं. या बोळाच्या एका हाताला दोन छोट्या खोल्या, एक पेयांची पिंपं ठेवायची आणि दुसरी पीठ, भाकरी-पाव आणि कोरड्या जिनसांची. दुसऱ्या हाताला मुख्य दालन, ज्याला ते हॉल म्हणत. जमिनीपासून छपरापर्यंत ते पूर्ण उघडं आहे. मध्ये माळा नाही, तक्तपोशी नाही. मान वर केली की थेट वासे दिसतात. जमिनीवर, दालनाच्या मध्यात, चूल. भिंतीला लागून नाही, कोनाड्यात नाही, मोकळ्या जमिनीवर जळणारी लाकडं. आणि धूर बाहेर नेणारी चिमणी नाही.

आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचंय त्याची सुरुवात या चुलीपासून होते. इंग्रज शेतघराच्या सहाशे वर्षांतले जवळजवळ सगळे मोठे बदल एका प्रश्नाला धरून समजतात: धूर कुठून बाहेर जातो? धुराची वाट बदलली, तशी चुलीची जागा बदलली. चुलीची जागा बदलली, तसं तिच्याभोवती कोण बसतं तेही बदललं. खिडक्या, मजले, जिने, दारं यांचे बदल या एका धाग्याला बांधलेले आहेत.

बे-लीफमध्ये धूर सरळ वर जाई. उंच छपराखाली त्याचा थर साठे आणि मग छपराच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या तिकोनी झरोक्यांतून, कौलांच्या फटींतून तो हळूहळू बाहेर पडे. खाली माणसं ठेंगण्या बाकांवर, तिवईवर बसत, कारण हवा खालीच चांगली असते. संग्रहालयात आजही त्या चुलीत जाळ करतात. तिथं थोडा वेळ उभं राहिलं की दोन गोष्टी कळतात. धूर वाटतो तेवढा छळत नाही, लाकूड सुकं असेल तर. आणि ऊब मात्र खरोखरच सगळ्यांना सारखी मिळते, कारण जाळाच्या चारही बाजू मोकळ्या आहेत. आपल्याकडे कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरातले वासे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या छपराचा काळा रंग ओळखीचा वाटेल. तो धूर निरुपयोगीही नव्हता. वर टांगलेलं डुकराचं मांस त्यात टिके, किडामुंगी दूर राही.

ऊब सारखी मिळत असली तरी बसण्याच्या जागा सारख्या नव्हत्या, हे लगेच सांगायला हवं, नाहीतर आपण या चुलीभोवती भलतीच समता उभी करू. दालनाला वरचं टोक आणि खालचं टोक होतं. खालचं टोक बोळाकडचं: तिथून वारा, चिखल, कोंबड्या, नोकर सगळं येणार. वरच्या टोकाला भिंतीशी पक्का बाक, त्यापुढे लांब मेज, मागे कोरीव पट्टी असलेली आडवी तुळई आणि शेजारी घरातली सर्वांत मोठी खिडकी. तिथं घरधनी बसे. त्याच्या मागच्या दारातून त्याची बैठकीची खोली आणि वर जाणारा जिना. वरच्या दालनात नवरा-बायको झोपत आणि भिंतीबाहेर काढलेला एक शौचकूपही त्या खोलीला होता. शेतावरची गडीमाणसं बहुतेक लग्न न झालेली तरुण मुलं-मुली असत. वर्षाच्या कराराने ती येत आणि धन्याच्याच छपराखाली राहत, जेवत. धनी आणि गडी एकाच दालनात, एकाच जाळासमोर, फक्त वेगळ्या टोकांना. कुणाचं टोक कुठलं ते घरच सांगत असे.

खिडक्यांना काच नव्हती. उभे लाकडी गज, चौकटीत कोन पुढे काढून बसवलेले, आणि आतून झडपा. काच महाग होती. पुढे शेतकऱ्यांच्या घरात ती आली तेव्हाही बराच काळ लोक ती घराचा भाग मानत नसत. घर सोडताना काढून नेता येणारी वस्तू मानत. तेव्हा वाऱ्याच्या बाजूची झडप लावायची, विरुद्ध बाजूची उघडायची आणि त्या उजेडात काम करायचं. इंग्लंडच्या हिवाळ्यात चार वाजता अंधारतं. या घरात दिवसाचा उजेड किती मोलाचा असेल याची कल्पना करा.

घर बांधलं कसं, याबद्दल थोडं तपशिलाने बोलतो, कारण यात मला मनापासून आनंद मिळतो. लाकूड ओकचं आणि ते ओलं असतानाच वापरलेलं. वाळलेला ओक इतका टणक होतो की हत्यार चालत नाही. ओलं लाकूड कुऱ्हाडीने आणि वाकसाने भराभर तासता येतं. सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवत. प्रत्येक जोडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत आणि मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करत. साडेचारशे ते साडेपाचशे वर्षांनी संग्रहालयाच्या सुतारांनी घर उतरवलं तेव्हा ते मूळ सुतारांनी केलं त्याच्या बरोबर उलटं काम करत होते. जोड खाच आणि कुसवाचे, त्यांत ओकच्याच मेखा. कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित आत पाडत, त्यामुळे मेख ठोकली की जोड खेचून घट्ट बसे. लोखंडी खिळे सांगाड्यात नाहीत. ओकमधल्या आम्लाने लोखंड गंजतं हे त्यांना ठाऊक होतं. पुढे काही वर्षं लाकूड आपोआप वाळत राही, आकसे, वाके, आणि घर स्वतःला आवळून घेई. जुन्या घरांचं ते वाकडेपण पाहून लोक म्हणतात, घर खचलंय. बऱ्याचदा ते बांधल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तसं झालेलं असतं.

सांगाड्याच्या चौकटींत ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या आणि दोन्ही बाजूंनी चिकणमाती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा. याला मराठीत शब्द शोधावा लागत नाही: कुडाची भिंत. तळाची आडवी तुळई ओलीपासून वाचवायला दगडी जोत्यावर. वर छपरात, मध्याच्या मोठ्या तुळईवर एक छोटा उभा खांब, त्यातून चार दिशांना बाकदार हात निघालेले. हा क्राउन पोस्ट. तो छपराखालच्या लांब आडव्या लाकडाला उचलतो आणि ते लाकूड वाशांच्या जोड्यांना बांधून ठेवतं. खाली बसलेल्या माणसाला घरातली सर्वांत देखणी गोष्ट हीच दिसे, धुरातून.

इथं एका लाडक्या दंतकथेला हात घालतो. इंग्लंडच्या खेड्यांत कुठल्याही लाकडी घरात गेलात तर कुणीतरी सांगतंच की या तुळया जुन्या जहाजांच्या आहेत. पुरावा म्हणून रिकाम्या खाचा दाखवतात. जवळपास सगळ्या ठिकाणी हे खरं नसतं. रिकाम्या खाचा असतात त्या आधीच्या घरातून काढून पुन्हा वापरलेल्या लाकडाच्या, किंवा त्याच घरातली एखादी भिंत पुढे काढून टाकली म्हणून उरलेल्या. समुद्रापासून लांब, ओकच्या रानात राहणाऱ्या शेतकऱ्याला जहाज मोडून आणायची काय गरज? ऑलिव्हर रॅकहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने सफक परगण्यातल्या एका साध्या शेतघराची लाकडं मोजली, तर सुमारे ३३० झाडं निघाली. बहुतेक झाडं बारीक होती. अशा घराला महाकाय वृक्ष लागत नसत. नियमाने तोडलेलं आणि पुन्हा वाढू दिलेलं रान लागे. आणि त्या एका घरानंतरही रान जागेवर राही.

आता धुराकडे परत येऊ. सोळाव्या शतकात हे चित्र पालटलं. आणि ते पालटत असताना पाहणारा एक माणूस आपल्याला लाभलाय. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन. १५७७ मध्ये छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात तो सांगतो की गावातले म्हातारे तीन गोष्टी आपल्या हयातीत आश्चर्यकारक बदलल्या म्हणतात. पहिली, चिमण्यांची गर्दी. त्यांच्या लहानपणी बहुतेक खेड्यांत दोन-तीनच असत, त्याही असल्या तर. दुसरी, अंथरुणं, पूर्वी गवताच्या गाद्या आणि उशाला लाकडाचा ओंडका, उशी फक्त बाळंतिणीला. तिसरी, लाकडी ताटल्या जाऊन कथलाच्या मिश्रधातूची भांडी आली. हॅरिसनला या सुधारणेचा निर्भेळ आनंद नाही. चिमण्या झाल्या आणि आमच्या नाजूक लोकांना सर्दी-पडसं जडलं, अशी त्याची तक्रार आहे. पूर्वी धुराने घराचं लाकूड कडक होई आणि तोच घरच्या माणसांचं औषधही होता, म्हणे.

शेतकऱ्यांनी धूर एकदम चिमणीत घातला नाही. आधी चूल दालनाच्या एका टोकाला सरकवली आणि तेवढाच एक पट्टा छपरापर्यंत उघडा ठेवला. उरलेल्या भागात धूर येऊ नये म्हणून मध्ये कूड उभा केला. मग लाकूड-मातीची धुराडी आली. ती जळत असत हे सांगायला नको. मग विटा स्वस्त झाल्या आणि विटांची भक्कम चिमणी घराच्या मध्यात उभी राहिली, बहुतेकदा जुन्या आडव्या बोळातच. दोन खोल्यांकडे पाठीला पाठ लावून दोन चुली, एकीच्या पोटात पावाची भट्टी. धूर बंदिस्त झाला, आणि तो बंदिस्त होताच दालनावर मजला टाकता आला. आजवर छपरापर्यंत रिकामी असलेली हवा घराला खोली म्हणून मिळाली. जिना आला, वरच्या खोल्या एकमेकींना जोडल्या गेल्या, खिडक्या बुटक्या आणि काचेच्या झाल्या. मध्ययुगीन उंच खिडकीला मधूनच मजल्याची तुळई छेदून गेलेली अनेक घरांत दिसते. ती पाहिली की समजावं, इथं एके काळी दालन उघडं होतं.

पण खात्री करायची असेल तर पोटमाळ्यावर जायला हवं. खालचं घर कितीही बदललेलं असो, रंगवलेलं, कागद चिकटवलेलं, विटांचा नवा दर्शनी भाग लावलेला. पोटमाळ्यात कुणी सजावट करत नाही. तिथं टॉर्चच्या उजेडात वासे पाहायचे. ते नुसते जुने आणि तपकिरी असतील तर ठीक. पण काळी, चकचकीत, जाड काजळी त्यांवर चढलेली असेल तर खाली उघडी चूल जळत होती, हे पक्कं. शेजारच्या वाशांवर काजळी नसेल तर ती बाजू नंतरची किंवा भिंतीपलीकडची. इमारतीच्या इतिहासाचा इतका नेमका पुरावा कागदपत्रांतही क्वचित मिळतो. घरमालकांना मात्र हे माहीत नसतं, आणि ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात ते ही काजळी खरवडून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

विसाव्या शतकात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. नंतरच्या अभ्यासकांनी तो काळ प्रांताप्रांतात वेगळा होता हे दाखवून दिलं. उत्तरेत तर तो पुष्कळ उशिरा आला. तारखांचा वाद मी इथं लांबवत नाही.

देशाच्या इतर भागांत साहित्य वेगळं. डेव्हनमध्ये डार्टमूरच्या माळावर ग्रॅनाइटची लांबट घरं, एका टोकाला गुरं आणि दुसऱ्या टोकाला माणसं, एकच दार. कॉट्सवोल्ड्समध्ये आणि लिंकनशरमध्ये चुनखडीचा दगड. लिंकनशरच्या वूल्सथॉर्पचं शेतघर तुम्हाला नावाने माहीत असेल. १६४२ च्या नाताळात आयझॅक न्यूटन तिथं जन्मला, तिथंच सफरचंदाचं झाड आहे. त्याच्या बापजाद्यांचा धंदा शेतीचा, मेंढ्यांचा. प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं तेव्हा, १६६५-६६ मध्ये, तो या घरी परतला. झडपेच्या भोकातून येणाऱ्या किरणावर त्याने लोलकाचे प्रयोग इथं केले असं मानतात. २०१७ मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून टाकून तपासलं, तेव्हा चुलीजवळ पवनचक्कीचं एक चित्र कोरलेलं आढळलं. ते लहानपणी त्याने काढलं असावं असा अंदाज आहे. मी या घराचा उल्लेख झाडासाठी करत नाहीये. वर स्वतंत्र खोली, दार लावता येईल अशी, झडप बंद करून काळोख करता येईल अशी, शेतकऱ्याच्या घरात मिळणं ही त्या वेळी जेमतेम दोन-तीन पिढ्या जुनी गोष्ट होती. बे-लीफच्या उघड्या दालनात एकट्याने बसून विचार करायला जागाच नव्हती.

चुलींचं महत्त्व सरकारलाही लवकरच कळलं. १६६२ मध्ये दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. वसुली अधिकारी घरात शिरून चुली मोजत, याचा लोकांना इतका संताप होता की १६८९ मध्ये तो रद्द झाला. आज त्याच याद्यांवरून कुठल्या गावात कुणाचं घर केवढं होतं हे कळतं.

चिमणीने भीतीही आणली. आभाळाकडे कायम उघडं असलेलं ते घरातलं एकच तोंड. त्यातून काहीतरी वाईट आत येईल असं लोकांना वाटे. म्हणून चुलीवरच्या आडव्या तुळईवर कंपासाने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं दिसतात, एकात एक गुंतवलेली अक्षरं दिसतात, आणि मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम भाजलेल्या थेंबाच्या आकाराच्या खुणा दिसतात. त्या अपघाताने पडल्या असं पूर्वी समजत. पण ज्योत एका कोनात बराच वेळ धरल्याशिवाय तशी खूण उमटत नाही, हे करून पाहिलं गेलंय. चिमणीच्या आतल्या कडेवर लपवलेले जुने, झिजलेले जोडेही सापडतात, बहुतेकदा एकाच पायाचा, पुष्कळदा लहान मुलाचा. नॉर्थम्प्टनच्या संग्रहालयात अशा सापडलेल्या जोड्यांची नोंदवही ठेवली जाते. का लपवत, हे त्या लोकांनी कुठंही लिहिलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात या कथेतला सर्वांत कडू बदल झाला. १८२५ च्या ऑक्टोबरात विल्यम कॉबेट हा पत्रकार सरे परगण्यात रायगेटजवळ एका जुन्या शेतघरातल्या सामानाच्या लिलावाला गेला. तिथं त्याने ओकचं लांबच लांब मेज पाहिलं, ज्याच्याभोवती धनी आणि गडी एकत्र जेवत असणार. त्याच घरात आता दिवाणखाना सजलेला होता, महोगनीचं मेज, झोकदार खुर्च्या, नोकराला बोलावण्याची घंटा. कॉबेटने विचारलं, शेतकरी आता गड्यांना आपल्या घरी जेवू का घालत नाहीत? आणि स्वतःच उत्तर दिलं: घरी ठेवलं तर जेवढं खायला घालावं लागेल त्यापेक्षा मजुरी म्हणून देतात ते कमी आहे, म्हणून. कॉबेट भडक लिहितो आणि जुन्या काळाला सोन्याचा मुलामा देतो; ते मेज इतकं प्रेमळ नव्हतं. पण हा हिशेब त्याने अचूक पकडला होता. गडी घराबाहेर गेले, आणि दालन ही फक्त आत शिरल्यावर लागणारी एक जागा उरली. अनेक जुनी शेतघरं पुढे फाळण्या घालून मजुरांच्या खोल्यांत विभागली गेली. लंडनहून आलेल्या हौशी लोकांनी विसाव्या शतकात ती विकत घेतली, फाळण्या काढल्या, गिलावा खरवडून लाकडं उघडी केली आणि काळी रंगवली. केंटचा ओक मुळात काळा रंगवत नसत, तो उन्हापावसाने रुपेरी करडा होतो.

शेवटी बे-लीफच्या पुनर्उभारणीविषयी माझं मत सांगायला हवं, कारण याबद्दल मतभेद आहेत. घर उतरवलं तेव्हा त्यात चिमणी होती, दालनावर मजला होता, पुढच्या चार शतकांच्या सगळ्या भरी होत्या. संग्रहालयाने ते सारं वगळलं आणि घर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जसं होतं तसं उभं केलं. नंतर त्याच काळाचं सामान, बाग, फळबाग, गोठ्याचं आवार जोडलं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून इंग्लंडमध्ये एक ठाम विचार आहे: इमारतीत प्रत्येक काळाने घातलेली भर जपा, एका सोयीच्या वर्षाकडे तिला मागे ढकलू नका. तो विचार मला पटतो. जागेवर उभं असलेलं घर असतं तर चिमणी काढायला मी विरोधच केला असता. पण हे घर जाणारच होतं. आणि उघड्या दालनात, चिमणीशिवाय, प्रत्यक्ष जाळासमोर उभं राहता येणं ही गोष्ट नकाशे आणि पुस्तकं देऊ शकत नाहीत. ज्या हजारो घरांत चिमणी आहे ती आहेतच. एका घराने आपली चार शतकं सोडली आणि बाकीच्या घरांची पहिली शतकं आपल्याला दाखवली, हा सौदा मला मान्य आहे. मात्र काढून टाकलेल्या भागांची सविस्तर नोंद हवी आणि पाहणाऱ्याला ते जागेवरच सांगितलं जायला हवं.

दुरुस्तीची पद्धत मात्र मला निर्विवाद आवडते. खांबाचा पाया कुजला असेल तर अख्खा खांब बदलत नाहीत. कुजलेला तुकडा कापून, तिरक्या जोडाने नवा ओक बसवतात, तोही ओलाच, जुन्याच पद्धतीच्या मेखांनी. नवं लाकूड रंगवून जुनं भासवत नाहीत. संग्रहालयाने यासाठी २००२ मध्ये एक कार्यशाळा बांधली, तीही ओकच्याच पातळ ओल्या पट्ट्यांची. आधी जमिनीपासून वर सपाट जाळी विणली आणि मग ती हळूहळू खाली सोडत तिला दुहेरी कमानदार वाक दिला. ओला ओक वाकतो आणि वाळला की तो वाक धरून ठेवतो, हे सूत्र बे-लीफच्या सुतारांना अवगत होतं. आज त्या छपराखाली जुन्या घरांचे सांगाडे आडवे ठेवून दुरुस्त करतात, आणि कुऱ्हाडीने ओक तासायला शिकायचं असेल तर तिथं कुणालाही नाव नोंदवता येतं.

माझं बोलणं इथं थांबवतो. कुणाला विचारायचं असेल तर विचारा. पोटमाळ्यातल्या वाशांचे आणखी फोटो आहेत, ते मी पडद्यावर लावतो.